माझ्या नावाचा दगड

टर्कीपेन खोरं, केंटकी
६ मार्च १९६६

व्हेस्टा,

दगड पोचला. चांगला आहे. करडा, गुळगुळीत, वर गिटार कोरलेली. गिटार तू वाजवायचीस, मी नुसती गायचे, हे तुझ्या माणसांना कोण सांगणार? पण मेलेल्या माणसाने फार चुका काढू नयेत.

मंगळवारी मी शाळेच्या स्वयंपाकघरातून काम आटपून घरी येत होते, तर दफनभूमीच्या चढावर एक ट्रक रुतलेला. दोन परके लोक गुडघाभर चिखलात उभे राहून शिव्या घालत होते. कोणाचा दगड म्हणून विचारलं, तर त्यातल्या एकाने चटकन टोपी काढली.

"नॅशविलच्या व्हेस्टा स्टिडम आहेत ना, त्यांच्या बहिणीचा. ओर्लीना नाव होतं. ऐन तरुणपणी गेली बिचारी. तुम्ही ओळखत होता का तिला?"

थोडीफार, असं मी म्हटलं. मग घरून फळ्या आणून त्यांच्या चाकाखाली घातल्या. माझ्याच थडग्याचा दगड वर चढवायला मी हात लावला, व्हेस्टा. असं भाग्य किती जणींच्या वाट्याला येतं?

त्यांनी तो आईच्या शेजारी बसवला. ती जागा माझी आहे. आई शेवटच्या दिवसांत सारखी म्हणायची, एका अंगाला तुझे वडील आणि दुसऱ्या अंगाला तू, मग मला थंडी वाजणार नाही. तू ते ऐकलं नसशील. आम्ही आईवर माती लोटत होतो तेव्हा तू टल्सा गावात मेलेल्या बहिणीसाठी गात होतीस. तुझी पुष्पचक्रं वेळेवर आली होती, तेवढं कबूल करते.

मी रागावलेली नाही. नुसती आठवण करून देते. आपल्या घरच्या या स्वयंपाकघरात आपण दोघी गायला शिकलो. तू खालचा सूर धरायचीस, मी वरचा. पहिली ओळ तुझी, दुसरी माझी, आणि मग दोघींची मिळून. काउंटीच्या मुख्य गावात दर शनिवारी दुपारी आपण रेडिओवर गायचो, आणि शेतातली माणसं नांगर थांबवून ऐकायची. मग नॅशविलचा तो माणूस आला आणि म्हणाला, मला एकच मुलगी पुरे. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तू म्हणालीस, "मी पुढे जाते, जरा जम बसला की तुला बोलावते." जाताना घातलेल्या निळ्या झग्याला इस्त्री मीच केली होती.

मग एका थंडीत मी घेवड्याच्या बिया निवडत बसले होते आणि रेडिओवर तुझं नवं गाणं लागलं, 'तिच्या वाट्याची ओळ'. पहिली ओळ तू गायलीस आणि दुसरी मोकळी सोडलीस. नुसती गिटार वाजत राहिली. मग रडवेल्या आवाजात तू सांगितलंस की ही ओळ माझ्या बहिणीची, बर्फाच्या रात्री ती तापाने गेली, डॉक्टरची गाडी खोऱ्यात पोचलीच नाही. माझा हात बियांमध्येच राहिला. आतल्या खोलीतून आईने हाक मारली, "ओर्ली, तू आहेस ना गं?"

"आहे, आई," मी म्हटलं.

ते मला अजून विसरता आलेलं नाही. मी दुकानातून तुला फोन केला तेव्हा तू काय म्हणालीस ते तुला आठवतं का? "गाणंच तर आहे, ओर्ली. मेलेल्यांसाठी लोक जास्त रडतात." आणि पुढच्या महिन्यात फ्रिज पाठवलास. तो अजून चालतो.

इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. लोक म्हणायचे, तुझी बहीण तुला मारून मोठी झाली, आणि मी हसून विषय बदलायचे. पण आईशेजारची जागा मी सोडणार नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. तो दगड काढून ने. आणि एकदा, फक्त एकदा, तुझ्या त्या नॅशविलच्या मंचावरून सांग की ओर्लीना जिवंत आहे. माफी मागू नकोस. नुसतं सांग.

ओर्लीना
(तू जिला ओळखत होतीस ती)

*

३ एप्रिल १९६६
हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझ्या त्या पॅरिशच्या हाती पडावं म्हणून मी लिहीत नाही.

व्हेस्टा,

तुझं उत्तर आलं नाही, तुझ्या व्यवस्थापकाचं आलं. टाइप केलेलं. मिस्टर पॅरिश कळवतात की दगड हलवता येणार नाही, कारण मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, आपण कबरी सजवतो त्या दिवशी, टेलिव्हिजनची माणसं येणार आहेत. तू बहिणीच्या कबरीवर फुलं ठेवशील आणि तिथेच ते गाणं म्हणशील. पुढे म्हणतात, 'या नावाने पत्रं लिहिणाऱ्या स्थानिक बाईंनी' त्या दिवशी कृपया दूर राहावं, कुटुंबाच्या दुःखात व्यत्यय नको.

कुटुंबाच्या दुःखात. मी ते दोनदा वाचलं आणि चुलीत घालणार होते, तेवढ्यात खाली पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. तुझं अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखेन. 'ओर्ली, एवढ्या वेळी समजून घे. व्ही.'

एवढ्या वेळी. वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. आई गेली तेव्हाही मी समजूनच घेतलं होतं.

दगड बसल्यापासून लोक यायला लागलेत. गेल्या आठवड्यात ओहायोहून एक जोडपं आलं. कबर पाहून उतरताना माझ्या दाराशी पाणी मागायला थांबलं. मी ताक दिलं. बाई ओट्यावर बसून रडली. तिची मुलगी गेली तेव्हा तुझ्या त्या गाण्यानेच तिला तगवलं, असं म्हणाली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही तिच्या शेजारच्या, तुम्हाला तर किती आठवण येत असेल." तिचा मला राग आला नाही, तुझा आला. माझं तू नुसतं नाव लुटलंस, त्या बाईचं खरं रडू लुटलंस. त्या रविवारी चर्चमध्ये भजन सुरू झालं आणि माझ्या गळ्यातून सूर निघेना. आयुष्यात पहिल्यांदा.

लुटिशा मावशीकडे गेले, तर ती लाल कागद कापत बसलेली. सजावटीची फुलं. म्हातारीला आता कात्रीचं टोक दिसत नाही, पण पाकळी अजून बिनचूक कापते. बाजूला एक वेगळा ढीग होता. कोणाचा, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझा."

"मावशी, मी जिवंत आहे."

"ते तू आणि व्हेस्टा बघून घ्या. दगडावर नाव आहे ना? मग फूल लागणार. उघडा दगड मी ठेवणार नाही."

मी वाद घातला की दगडाखाली कोणी नाही. त्यावर ती म्हणाली की टॉल्बर्टच्या पोराच्या दगडाखाली तरी कोण आहे? तो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला आणि त्याने पुन्हा कधी एक ओळ लिहिली नाही. त्याच्या आईने वाट पाहिली पाहिली आणि शेवटी आपल्या चर्चच्या ब्रदर कॉडिलना बोलावून त्याचं अंत्य प्रवचन करून घेतलं. "पुरायला देह लागतो," मावशी म्हणाली, "प्रवचनाला थोडाच लागतो? जो पत्र लिहीत नाही त्याचंही आपण करतोच की."

मी घरी आले ते पायवाटेवरून चालत नव्हते, उडत होते. पॅरिशना सांग, स्थानिक बाई दूर राहणार नाही.

*

१ मे १९६६
हे टाकणार आहे.

प्रिय व्हेस्टा,

मी मागे जरा तावातावाने लिहिलं. त्याचं मनावर घेऊ नकोस.

तू अवश्य ये. आम्ही सगळे मिळून दफनभूमी साफ करून ठेवू, गवत कापू, कबरींवर नवी माती ओढू. ब्रदर कॉडिल यांचं प्रवचन आहे. जेवण नेहमीसारखं तिथेच, झाडाखाली: कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, आणि मावशीचा सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. टेलिव्हिजनच्या माणसांनाही पुरेल. तू पांढरा झगा घाल, तो तुला शोभतो.

मी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तुझं गाणं तू म्हण. आपल्या माणसांसमोर म्हण, एवढीच माझी इच्छा आहे.

ओर्ली

*

१५ मे १९६६
हे टाकणार नाही.

व्हेस्टा,

मागचं पत्र मी एका दमात लिहिलं. खोटं गोड करून सांगायची कला आपल्या घराण्यातच असावी. तू ती विकलीस, मी फुकट वापरली.

ब्रदर कॉडिल सहजासहजी वळले नाहीत. कुंपणाचा खांब रोवत होते. मी म्हटलं, सजावटीच्या रविवारी व्हेस्टाचं अंत्य प्रवचन करा. त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"व्हेस्टा मेलीय?"

"ब्रदर, माझी बहीण आईच्या मातीला आली नाही. नॅशविलला जी गाते ती सांगते की तिची बहीण मेली. मी तर मेले नाही. म्हणजे ती माझी बहीण नव्हे. मग माझी कुठे आहे?"

त्यांनी तंबाखू थुंकला आणि खांब हलवून पाहिला. मग म्हणाले, मेली असं मी देवासमोर म्हणणार नाही. हरवली म्हणेन. टॉल्बर्टच्या पोराबद्दलही मी तेवढंच म्हटलं होतं.

"आणि ती समोर येऊन उभी राहिली तर?" त्यांनी विचारलं.

"तिने तोंडाने म्हटलं की मी व्हेस्टा आणि ही माझी बहीण, तर सापडली म्हणून सांगा. सगळ्यांत आधी मी देवाचे आभार मानीन."

हे मी मनापासून बोलले की त्यांना गुंडाळायला, ते मला आजही सांगता येत नाही. पण शब्द दिलाय. दार मी तुझ्यासाठी उघडं ठेवलंय, तुझ्या लायकीपेक्षा जास्त उघडं.

आपला मामेभाऊ एमिट दगड कोरतो, त्याच्याकडे नंतर गेले. तो दगड पाहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, माल झकास आहे आणि पाठ कोरी आहे. माझं नाव तो घासून काढणार आणि पाठीवर तुझं कोरणार. व्हेस्टा स्टिडम, १९३३ पासून. "पुढचं साल काय घालू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, त्रेपन्न. तू ते गाणं पहिल्यांदा गायलीस ते साल. आदल्या शनिवारी संध्याकाळी खेचराला साखळी बांधून दगड आईपासून ओढायचा आणि कुंपणाकडे, देवदाराखाली, टॉल्बर्टच्या पोराशेजारी बसवायचा. एमिटने एकच विचारलं, तुझं मन घेतंय का? मी त्याला कॉफीचा दुसरा कप दिला.

घेतंय, व्हेस्टा. इतकं घेतंय की कामावर भांडी घासताना मी गुणगुणते. सूर परत आलाय.

*

३० मे १९६६

व्हेस्टा,

तू जे पाहिलंस ते तुला ठाऊक आहे. मी जे पाहिलं ते लिहिते. हे पत्र टाकणार आहे, आणि पॅरिशनाही वाचायला दे.

तुमच्या गाड्या आल्या तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. ओहायोची ती बाईसुद्धा होती, आणि बसने आलेले तुझे कितीतरी चाहते. तू पांढऱ्या झग्यात उतरलीस. चांगली दिसलीस. जरा वाळली आहेस. तू गर्दीवरून नजर फिरवलीस, माझ्यापाशी ती थांबली, आणि मग तू ती उचलून पुढे नेलीस. तेवढ्याने माझ्या मनातला शेवटचा किंतू गेला.

ब्रदर कॉडिल यांनी आपल्या नेहमीच्या चालीत, गात गात प्रवचन सुरू केलं. आपल्यातली एक मुलगी, गोड गळ्याची, या डोंगराने वाढवलेली, आपल्याला अंतरली. तू मान खाली घातलीस. रुमाल काढलास. कॅमेरावाला दोन पावलं पुढे सरकला. आई तिची वाट बघत गेली, ब्रदर म्हणाले. तुझे खांदे हलले. ओहायोची बाई हुंदके द्यायला लागली. मग ते म्हणाले, "ही आपली हरवलेली बहीण, व्हेस्टा."

तू मान वर केलीस. मग तू दगड शोधलास. आईच्या शेजारी नुसती मोकळी माती होती. मावशीने हात धरून तुला कुंपणाकडे वळवलं, आणि लाल फुलांच्या मागे तुझं नाव तू वाचलंस. मी तुझा चेहरा डोळे भरून पाहिला. खोटं कशाला सांगू? त्या क्षणासाठी मी पुन्हा सगळी वर्षं काढायला तयार आहे.

तेव्हा मी उठले आणि तुझं गाणं धरलं. पहिली ओळ मोकळी सोडली. तुझी ओळ. नुसता वारा होता आणि पुरुषांनी टोप्या काढल्या. मग दुसरी मी गायले, वरच्या सुरात, जशी मी स्वयंपाकघरात गायचे तशी. पुन्हा तुझी ओळ आली. पुन्हा मी ती सोडली.

तुझे ओठ हलले, व्हेस्टा. मी पाहिलं. कुठून धरायचं ते तुला माहीत होतं. ती एक ओळ गायली असतीस तर सगळ्या डोंगराला कळलं असतं की आवाज दोन आहेत आणि दोन्ही जिवंत आहेत. ब्रदर कॉडिल बायबल मिटून तुझ्याकडे बघत होते, 'सापडली' म्हणायला. मीही थांबले. गाणं थांबायला सांगतं त्याहून जास्त थांबले. इतका राग असूनही मी थांबले, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

पॅरिशने तुझं कोपर धरलं आणि तू गाडीकडे गेलीस.

उरलेलं गाणं मी पुरं केलं, दर वेळी तुझी जागा मोकळी सोडून. कॅमेरा चालूच होता. त्या माणसाने मावशीला विचारलं, ही गाणारी बाई कोण? "ओर्लीना. व्हेस्टाची बहीण. दुसरी कोण असणार?" आणि तो दगड कोणाचा? मावशीने गाडीकडे बोट दाखवलं. "ती बघा, पांढऱ्या झग्यातली, तिचा." ओहायोच्या बाईने कबरीसाठी आणलेली आपली प्लॅस्टिकची फुलं उचलली आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला जेवायला बसवलं.

केक चांगला झाला होता. तुझ्यासाठी राखून ठेवलेला तुकडा मी खाल्ला.

ओर्लीना स्टिडम

*

१९ जून १९६६

व्हेस्टा,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या स्वतःच्या हातचं, चांगलं लांबलचक. इतक्या वर्षांत पहिलं. त्यासाठी आधी मरावं लागलं, असं आहे तर.

ती फिल्म सगळीकडे दाखवली असं तू लिहितेस. आमच्या खोऱ्यात टेलिव्हिजन धड दिसत नाही, पण दुकानात वर्तमानपत्रांचे फोन येतात ते मला ठाऊक आहे. नॉक्सव्हिलला तू ती ओळ मोकळी सोडलीस आणि वरच्या सज्जातून कोणीतरी हसलं, मग सगळं सभागृह हसलं, हे मात्र मला माहीत नव्हतं. तू ते लिहिलंस म्हणून कळलं. मी ते मावशीला वाचून दाखवलं. तिने चुलीत लाकूड सारलं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता तू विचारतेस, मी काय गाऊ? मी खोऱ्यात येऊ का? आईजवळ थोडी जागा होईल का? आणि वर्तमानपत्रांना सांगशील का, की तो सगळा गावचा रिवाज होता, गैरसमज झाला, आणि तो दगड आता काढून टाकला?

ये ना. दफनभूमीच्या फाटकाला कुलूप नाही. आईशेजारची जागा माझी आहे, तिथे उभी राहून तिच्याशी बोल. तिला तुझी वाट बघायची सवय आहे. मी घरात असेन. चुलीवर कॉफी असते. तुला आत बोलावीन की नाही, ते तुझी पावलं ओट्यावर वाजतील तेव्हा ठरवीन. आज कबूल केलं तर ते खोटं होईल, आणि घरात आणखी एक खोटं मला नको.

दगड मात्र राहील. इतकं काय मनाला लावून घेतेस? दगडच तर आहे, व्हेस्टा. मेलेल्यांसाठी लोक जास्त रडतात.

मावशीने आपली कात्री आता माझ्याकडे दिली आहे. पुढच्या मे महिन्याची फुलं मी आत्तापासूनच करायला घेतली. तुझी आधी केली. लाल कागदाची, वर मेणाचा हात दिलेली, म्हणजे पावसात रंग उतरणार नाही. काळजी करू नकोस. मी आहे तोवर तुझा दगड उघडा राहणार नाही.

ओर्लीना